तेवीस सूची आणि एक खिडकी

रुग्णालयाच्या तळघरात बसून तिथला डेटाबेस सांभाळणाऱ्या बाईला वरचे सगळे ‘तळघरवाली’ म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट बरंच होतं. वरच्या माणसांना जिने उतरायचा कंटाळा, त्यामुळे निम्म्या तक्रारी वाटेतच विरघळून जायच्या. ज्या निम्म्या तिच्या टेबलापर्यंत पोचायच्या, त्यांच्यावर तिच्याकडे गेली सहा वर्षं एकच औषध होतं. कुणी म्हणालं, माझा अहवाल उघडायला फार वेळ लागतो हो, की ही म्हणायची, “थांबा, एक सूची बांधून देते.”

सूची म्हणजे इंडेक्स. जाडजूड पुस्तकाच्या मागे शब्दांची यादी असते, अमुक शब्द तमुक पानावर, तसंच हे. यादी असली की अख्खं पुस्तक चाळत बसावं लागत नाही. इथलं पुस्तक म्हणजे ‘नमुने’ नावाचं टेबल. रोज आलेल्या रक्ताच्या प्रत्येक नळीची आणि तिच्यावर करायच्या प्रत्येक चाचणीची त्यात एक ओळ. बालरोगवाल्यांना वयानुसार शोधायचं होतं, त्यांना एक सूची मिळाली. कुणाला वॉर्डानुसार हवं होतं, कुणाला रक्तगटानुसार. एका डॉक्टरांना नळीच्या झाकणाच्या रंगानुसार हवं होतं, तेही मिळालं. पुढे ते डॉक्टर नोकरी सोडून गेले आणि सूची मागे ठेवून गेले. संचालकांच्या एकट्याच्या पाच होत्या. त्यांच्या दालनाबाहेर भिंतभर पडदा होता, त्यावर रंगीत आलेख दर मिनिटाला ताजे व्हायचे, आणि पाहुणे आले की संचालक त्या पडद्यासमोर उभे राहून हातवारे करायचे. असं करता करता सूची तेवीस झाल्या. दर वेळी कुणीतरी खूश होऊन ‘तुमच्यामुळे निभावतंय बघा’ म्हणायचं आणि तळघरवालीच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. खोटं कशाला सांगायचं, तिला ते आवडायचंच.

पण छापलेलं पुस्तक वाढत नाही आणि हे टेबल रोज वाढत होतं. एक ओळ नव्यानं लिहायची म्हटली की ती तेवीसच्या तेवीस याद्यांत आपापल्या जागी घुसवावी लागे. शोधणाऱ्याचे दोन क्षण वाचवायचे तर ते लिहिणाऱ्याच्या खिशातून काढावे लागतात, हे या धंद्यात पहिल्याच वर्षी शिकवतात. तळघरवालीही शिकली होती. पण शोधणारे मोठ्या पदांवरचे होते, त्यांना फोन उचलून ओरडता येत होतं. लिहिणारी कोण? तर तळमजल्यावरची नमुने घेण्याची खिडकी. आणि त्या खिडकीत बसायची तिची सख्खी नणंद.

नणंद म्हणजे नवऱ्याची थोरली बहीण. ही तिला ‘वन्सं’ म्हणायची, आणि हिचं ऐकून ऐकून रुग्णालयातले डॉक्टरसुद्धा वन्सं म्हणू लागले होते. वन्सं बावीस वर्षं त्या खिडकीत होत्या. लग्न केलं नव्हतं. विचारणाऱ्याला ‘केलंय की, खिडकीशी’ म्हणून वाटेला लावायच्या. एकाच घरात राहून दोघींचं पटत होतं असं कुणी छातीवर हात ठेवून सांगितलं नसतं. ओट्यावरचा डबा इंचभर इकडचा तिकडे झाला तरी दोन दिवस पुरेल एवढा विषय व्हायचा. नवरा बिचारा दोघींच्या मधे वर्तमानपत्र उभं धरून बसायचा. म्हणूनच की काय, कामावर दोघी एकमेकींच्या वाऱ्याला उभ्या राहत नसत. वन्सं तळघरात आल्या नाहीत आणि ही सहा वर्षांत एकदाही खिडकीकडे फिरकली नाही.

तर एका गुरुवारी संचालकांनी तळघरवालीला वर बोलावलं.

“बसा,” ते म्हणाले. “एका कागदावर सही हवी आहे.”

कागद छोटाच होता. अमुक तारखेला संगणक प्रणालीत कोणताही दोष नव्हता, एवढं एकच वाक्य, आणि खाली तिच्या सहीची जागा.

“झालंय काय पण?”

झालं ते असं. आठवड्यापूर्वी खिडकीवर पाच जणांच्या नळ्यांवर भलत्याच माणसांची स्टिकरं लागली होती. एका शाळामास्तरीणबाईंना मूत्रपिंडं निकामी होत आल्याचं सांगितलं गेलं आणि त्या दोन दिवस घरात रडत बसल्या. ज्याची खरोखर निकामी होत होती, त्या सुताराला ‘काही नाही, ठणठणीत आहात’ म्हणून घरी पाठवलं. तिसऱ्या दिवशी तो दुकानात कोसळला. एकाच नावाच्या दोन नळ्या सापडल्या म्हणून घोटाळा उघडकीला आला. सुतार वाचला, पण अजून अतिदक्षता विभागात होता.

“खिडकीवर त्या वेळी तुमच्या नणंदबाई होत्या,” संचालक म्हणाले. “त्यांना सोमवारपर्यंत कबुलीपत्र आणि राजीनामा द्यायला सांगितलंय. तुम्ही घरच्या आहात, म्हणून तर तुमची सही जास्त मोलाची. घरच्यांनाही पाठीशी घातलं नाही असं दिसेल.”

घरात वन्सं याबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या. आठवडाभर रोजच्यासारख्या डब्यावरून भांडत होत्या. तळघरवालीनं कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि “उद्या देते” म्हणून उठली. प्रणालीत दोष नव्हता हे तिला त्या क्षणी मनापासून खरं वाटत होतं. सही करायला हातही शिवशिवत होता थोडासा, हेही सांगून टाकायला हवं. डब्यांच्या भांडणाची बरीच बाकी साठली होती.

तरी शुक्रवारी सकाळी नऊला ती खिडकीच्या आतल्या बाजूला जाऊन उभी राहिली. नुसतं बघायला.

“काय गं, रस्ता चुकलीस?” वन्सं मान न वळवता म्हणाल्या.

काचेपलीकडे साठ-सत्तर माणसं होती. शेजारच्या खोलीत रक्त काढलं जायचं आणि नळीला चिठ्ठी गुंडाळून, रबर लावून ती माणसाच्या हातात दिली जायची. वन्संनी चिठ्ठी सोडवून स्कॅनरखाली धरायची, पडद्यावर नोंद झाली की छपाईयंत्रातून नावाचं स्टिकर येणार, ते नळीला चिकटवायचं, मग पुढचा. काम एवढंच. वन्संनी चिठ्ठी धरली. पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं. तळघरवालीनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मग स्टिकर आलं. पुढच्या चिठ्ठीला सात सेकंद लागले, त्याच्या पुढच्या चिठ्ठीला नऊ.

“रोज असंच असतं?”

“सोमवारी जास्त,” वन्सं म्हणाल्या. “उभं राहायचंय तर उजेड सोड.”

रांग ढकलू लागली तशी वन्संनी लाकडी स्टँड पुढे ओढला. तळघरवालीला काही विचारावं लागलंच नाही, समोरच दिसत होतं. वन्सं आता स्टिकरची वाट बघत नव्हत्या. चिठ्ठी सोडवायची, स्कॅनरखाली धरायची, नळी स्टँडमध्ये पुढच्या भोकात उभी करायची, लगेच दुसरी चिठ्ठी. आठ नळ्या उभ्या झाल्या की छपाईयंत्रातून आठ स्टिकरांची पट्टी सावकाश बाहेर यायची आणि वन्सं ती ओळीनं चिकटवत जायच्या. हात इतके सरावलेले की बघत राहावं. शेजारच्या दोन्ही खिडक्यांतल्या बायकांचंही तेच चाललं होतं. नियमात हे बसत नव्हतं, पण नियमानं चाललं असतं तर दुपारपर्यंत रांग हलली नसती.

आता यात एखादी चिठ्ठी नोंदलीच गेली नाही तर? दहा सेकंदांच्या वर गेलं की पडदा नोंद न करताच गुपचूप हात वर करतो, हे तळघरवालीला ठाऊक होतं. ती सोय तिनंच करून ठेवली होती. आठांतली तिसरी चिठ्ठी गळाली की पट्टीत सात स्टिकरं. चौथ्याचं नाव तिसऱ्याच्या नळीवर, पाचव्याचं चौथ्याच्या, असं शेवटपर्यंत. शेवटची नळी उघडी राहते, तेव्हा वाटतं की यंत्रानं कागद खाल्ला. मग शेवटची चिठ्ठी पुन्हा धरायची, ती आधीच नोंदलेली असल्यामुळे स्टिकर पुन्हा येतं आणि सगळं जुळल्यासारखं दिसतं. पाच माणसं, एकाच नावाच्या दोन नळ्या.

तळघरवाली जिने उतरून खाली गेली आणि बांधून ठेवलेल्या सगळ्या सूची तिनं समोर घेतल्या. कोणती सूची वर्षभरात किती वेळा कामाला आली, याची टिपणी डेटाबेस स्वतःच ठेवतो. सहा वर्षांत तिनं ती कधी उघडून पाहिली नव्हती. तेवीसपैकी चौदा सूचींसमोर शून्य होतं. वयाची, रक्तगटाची, झाकणाच्या रंगाची, सगळी शून्यं. पाच सूची संचालकांच्या पडद्यासाठी चालत होत्या. खरोखर लागणाऱ्या चार: चिठ्ठीचा क्रमांक, रुग्णाचा क्रमांक, नळी आल्याची वेळ, आणि निकाल बाकी असलेले नमुने. एका माणसाच्या पंधरा चाचण्या म्हटल्या तर पंधरा ओळी, आणि त्या तेवीस जागी मांडायच्या म्हणजे साडेतीनशेच्या घरात लिखाण. जुन्या यंत्रावर, तीन खिडक्यांतून, एकाच वेळी. ज्या कुणी कधी वाचल्याच नाहीत त्या चौदा याद्या ती खिडकी रोज मान खाली घालून लिहीत होती.

“गाढव आहेस तू,” ती मोठ्यानं म्हणाली. तळघरात ऐकायला कुणी नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा वन्सं जेवायच्या टेबलावर चष्मा लावून कबुलीपत्राची पक्की प्रत काढत होत्या. कच्ची शेजारीच होती. अक्षर कसं मोत्यासारखं.

“ते लिहायचं नाही,” तळघरवाली म्हणाली.

“आली मोठी सांगणारी.”

“वन्सं, खिडकी माझ्यामुळे अडते. मी सूची बांधत गेले म्हणून.”

“मग? मला काय ते माहीत नाही?” वन्संनी चष्म्यावरून पाहिलं. “वर कुणाचा नवीन अहवाल निघाला की आठवड्याभरात खिडकी जड व्हायची. गेली सहा वर्षं बघतेय. मला कॉम्प्युटर कळत नसेल, खिडकी कळते.”

“आणि बोलला नाहीत?”

“कुणाला बोलू? भावजयीच्या नावानं वर चुगली करू? लोक म्हणतील, घरातलं भांडण इथं आणलं. आणि खाली तुझ्याकडे येऊन पदर पसरू होय? तेवढे वाईट दिवस आले नाहीत अजून.”

नवऱ्यानं वर्तमानपत्र खाली घेतलं, दोघींकडे पाहिलं आणि पुन्हा वर धरलं.

“मी त्या सुताराला बघून आले,” वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. “दोनदा. नळ्यांच्या जाळ्यात पडलाय. त्याच्या नळीवर स्टिकर मी लावलंय, या हातानं. त्यात तुझं काय?”

तळघरवालीला एकदम संताप आला. वन्संचा आला, स्वतःचा आला, त्या मोत्यासारख्या अक्षराचा तर फारच आला.

“तुमची चूक तुमच्यापाशी ठेवा,” ती म्हणाली. “मी ती मागत नाहीये. पण माझी आहे ती मला द्या. ती तुम्ही परस्पर स्वतःच्या नावावर लिहून द्यायची नाही. तेवढे माझेही वाईट दिवस आले नाहीत.”

वन्संनी पत्र तरीही पूर्ण केलं आणि पाकिटात घातलं.

शनिवारी सकाळी सातला, रांग लागायच्या आधी, तळघरवालीनं एकोणीस सूची काढून टाकल्या. एकेक नाव वाचायची आणि काढायची. माळ्यावरची अडगळ काढताना होतो तसा आनंद तिला झाला. मग तिनं संचालकांना पत्र पाठवलं: प्रणालीत दोष होता, तो मी केलेला होता, आज काढला आहे, कागदावर सही करणार नाही.

त्या दिवशी खिडकीवर चिठ्ठी धरली की स्टिकर बाहेर. वन्संचा हात नळीपर्यंत पोचायच्या आत. स्टँड कोपऱ्यात पडून राहिला. साडेदहाला रांग संपली, तेव्हा शेजारच्या खिडकीतली बाई उठून काचेबाहेर डोकावून आली, की आज सुट्टीबिट्टी आहे की काय.

वर मात्र संचालकांच्या पडद्यावरचे आलेख ताजे व्हायला चाळीस सेकंद घेऊ लागले. नेमके पाहुणे आलेले. संचालक हातवारे करायला उभे राहिले आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं.

“काय केलंत हे?” त्यांनी तिला वर बोलावून विचारलं.

“पत्रात लिहिलंय, सर.”

“परत बांधा. सगळ्या.”

“नाही बांधणार. तुमचा पडदा चाळीस सेकंद थांबला तर फार तर पाहुण्यांना जांभई येईल. खिडकी नऊ सेकंद थांबली तर काय होतं, ते अतिदक्षता विभागात झोपलंय. हवं तर तुमच्या आलेखांसाठी मी वेगळी प्रत काढून देते, एक दिवस जुनी. तिच्यावर पन्नास सूची बांधा, माझं काही म्हणणं नाही.”

“काल काय झालं ते दाखवून काय करू मी? मला आत्ताचं दिसायला हवं.”

“आत्ताचं बघायचं तर खाली खिडकीवर या. फुकट दिसतं.”

हे जरा जास्तच झालं, तिलाही कळलं. पण तोंडातून गेलं ते गेलं आणि गेल्याचं तिला वाईटही वाटलं नाही. संचालकांनी तिथल्या तिथे तिचा पासवर्ड बंद करायला लावला. प्रणाली बनवणाऱ्या कंपनीचा माणूस रविवारी येऊन बसला आणि त्यानं एकोणीसच्या एकोणीस सूची पुन्हा बांधल्या. झाकणाच्या रंगाचीसुद्धा.

सोमवारी तळघरवालीला खाली जाऊन करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून ती वन्संबरोबर खिडकीत आली. वन्संच्या पर्समध्ये पाकीट होतं, बाराच्या आत ते वर द्यायचं होतं. नऊला पहिली चिठ्ठी स्कॅनरखाली गेली आणि चक्र फिरू लागलं. एक, दोन, तीन.

“परत?” वन्संनी विचारलं.

“परत बांधल्या.”

“माहीत असून?”

“सगळं माहीत असून. मी समोर उभं राहून सांगितलं होतं.”

वन्सं चक्राकडे बघत राहिल्या. आठ सेकंदांनी स्टिकर आलं. त्यांनी ते नळीला चिकटवलं, नळी बाजूला ठेवली आणि मग पर्समधून पाकीट काढलं. आतलं पत्र उलगडून पाठकोरी बाजू वर घेतली आणि मार्करनं ठसठशीत लिहिलं: ‘नियम चौथा. एका वेळी एक चिठ्ठी, एक नळी, एक स्टिकर.’ तो कागद त्यांनी काचेला बाहेरून दिसेल असा चिकटवला. स्टँड उचलून तळघरवालीच्या हातात दिला.

“हा खाली ठेव तुझ्याकडे. इथं मधे येतोय.”

“वन्सं, कबुलीपत्र होतं ते.”

“आहेच की. चिकटवलंय.” त्यांनी पुढची चिठ्ठी घेतली. “आतापर्यंत मला वाटायचं, यांना माहीत नाही. माहीत नसलेल्या माणसावर काय रागवायचं? पण दीड तास सगळं सुरळीत चाललेलं बघून ज्यांनी ते मुद्दाम परत बिघडवलं, त्यांच्यासाठी हे हात धावणार नाहीत. बस.”

शेजारच्या दोन्ही बायकांनी वाकून कागद वाचला. एकीनं आपला स्टँड टेबलाखाली सरकवला. दुसरीनं तर त्यावर पर्स टांगली.

अतिदक्षता विभागाच्या आणि अपघाताच्या नळ्या वन्सं आधी घेत होत्या, त्यांना एक क्षणही थांबवत नव्हत्या. बाकी सगळं नियमानं. चिठ्ठी, चक्र, स्टिकर, नळी. चक्र फिरताना त्या हात मांडीवर ठेवून बसत. काचेपलीकडून कुणी कुरकुरलं की चक्राकडे बोट दाखवत आणि म्हणत, “मीपण त्याचीच वाट बघतेय हो. तुमच्या नळीवर तुमचंच नाव लागायला हवं ना?” यावर भांडायला तयार होणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. दहाला रांग दाराबाहेर गेली. साडेदहाला व्हरांडा भरला. अकराला ती फाटकापर्यंत पोचली आणि संचालकांची गाडी आत येताना तिथेच अडकली. वॉर्डांतून फोन वाजत होते, नमुने का आले नाहीत म्हणून. फोन उचलायला तळघरवाली होतीच. तिला दुसरं कामच ठेवलं नव्हतं.

संचालक रांगेतून वाट काढत काचेसमोर आले. पाय तुडवल्याबद्दल दोघांनी त्यांना मनसोक्त ऐकवलं. संचालक कोण हे रांगेला कुठं माहीत होतं.

“हे काय चाललंय?”

“काम चाललंय, सर,” वन्सं म्हणाल्या आणि काचेवरच्या कागदाकडे हात केला.

संचालकांनी कागद वाचला. मग उभे राहून त्यांनी स्वतः तीन चिठ्ठ्यांची चक्रं पाहिली. तळघरवाली त्यांच्याच तोंडाकडे बघत होती. सहाव्या सेकंदाला त्यांच्या जबड्याचा स्नायू हलायचा, तो तिन्ही वेळा हलला.

“काढा त्या सूची,” ते तिला म्हणाले.

“माझा पासवर्ड बंद आहे.”

त्यांनी खिशातून फोन काढला, कुणावर तरी ओरडले आणि फोन ठेवला. “चालू केलाय. जा, काढा.”

“लेखी द्या.”

“आत्ता? इथं? मागं बघा, किती माणसं आहेत!”

“त्यांच्यासाठीच म्हणतेय. तोंडी काढल्या तर उद्या परत बांधाल. लिहा, की नोंद अडत होती ती जास्तीच्या सूचींमुळे. सूची बांधल्या कुणी, तर मी, माझं पद घालून लिहा. परत बांधल्या कुणाच्या हुकमानं, तेही. आणि खिडकीवरच्या बाईंचा राजीनामा मागणार नाही.”

“आणि यांची काहीच चूक नव्हती असंही लिहू का?” संचालक दातांतून म्हणाले.

“तसं लिहायचं नाही,” काचेमागून वन्सं कडाडल्या. “चूक झाली माझ्या हातून. झाली म्हणूनच लिहा. का झाली, ते त्या चुकीपुढे लिहा. एवढंच आजपर्यंत कुणी लिहिलं नव्हतं.”

रांगेतल्या कुणीतरी पेन पुढे केलं. रुग्णालयाच्या संचालकांनी खिडकीच्या अरुंद फळीवर कागद ठेवला, आणि आयुष्यात बहुधा पहिल्यांदा उभ्यानं, मागच्याचा श्वास मानेवर घेत लिहिलं. सही केली. कागद काचेखालून आत सरकवला.

तळघरवाली जिन्याकडे धावणार होती. वन्संनी हातानं तिला थांबवलं. त्यांनी चष्मा लावला आणि फाटकापर्यंतची रांग ताटकळत असताना कागद पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. मग तो काचेखालून पुन्हा बाहेर सरकवला.

“तारीख राहिली,” त्या म्हणाल्या. “अपुरा कागद इथं घेत नाही.”

संचालकांनी तारीख घातली.